बेसवाला एकटा पडतो तेव्हा

जॅझवाल्यांमध्ये एक जुना विनोद फिरतो. जंगलात रात्रंदिवस ढोल वाजत असतात. पाहुणा वैतागून वाटाड्याला विचारतो, "हे थांबणार तरी कधी?" वाटाड्याचा चेहरा पडतो. "थांबू नयेत हेच बरं. ढोल थांबले की फार वाईट होतं." "म्हणजे काय होतं?" "बेस सोलो सुरू होतो!" हा विनोद सगळ्यांत रंगवून बेसवालेच सांगतात, यातच सगळं आलं.

स्टेजवरची गोष्ट तुम्हाला पाठ असेलच. अमका कुणाकडे शिकला नाही, त्याला नोटेशन वाचता येत नाही, थिअरीचा गंध नाही, तरी सोलो असा वाजवतो की ऐकत राहावं. नवा बेस घेतलेला प्रत्येक पोरगा ही गोष्ट छातीशी धरून असतो, कारण ती फार सोयीची आहे. विंगेतून दिसणारी आवृत्ती जरा निराळी असते. तिथे कागद न वाचणारी माणसं दुसरं काहीतरी भरपूर करत असतात. आणि ज्यांना आपण अडाणी समजतो, त्यातले काही गुपचूप कागद वाचतही असतात.

पहिली गोष्ट म्हणजे या वाद्याकडे स्वखुशीने येणारे कमीच. १९६१ साली हॅम्बर्गमध्ये स्टुअर्ट सटक्लिफने चित्रकलेसाठी बीटल्स सोडलं आणि बेसची जागा रिकामी झाली. लेननला ती नको, हॅरिसनला नको. शेवटी ती पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेतला. त्याची कारणं दोन: तो खिशाला परवडत होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. बीटल्सपैकी कुणालाच नोटेशन वाचता येत नव्हतं. कागदाची गरज पडली की त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन हजर असायचे. नाइलाजाने गळ्यात घातलेलं ते वाद्य १९७२ साली गाडीतून चोरीला गेलं. ते मॅकार्टनीकडे परत आल्याची बातमी आली ती २०२४ मध्ये. तोवर त्याच्या शोधाची रीतसर मोहीम निघाली होती.

गाडीतल्या बेसचा दुसरा किस्सा लेमीचा, तोही त्याच्याच तोंडचा. हॉकविंड या बँडमध्ये गिटार वाजवायला मिळेल या आशेने तो गेला होता. १९७१ साली एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला बेसवाला आलाच नाही. वाद्य मात्र गाडीत होतं. लेमीने आयुष्यात बेस वाजवला नव्हता. बाकीच्यांनी त्याला दिलेलं शिक्षण एका वाक्याचं होतं: ई मध्ये काहीतरी आवाज काढत राहा. ई म्हणजे बेसची सगळ्यांत जाड, मोकळी तार. बोट कुठे ठेवायचं हाही प्रश्न नाही! गिटारवाला असल्यामुळे तो बेसवर सुटे सूर सोडून कॉर्डच झोडपायला लागला. कुठल्याही शिक्षकाने हे बघून डोक्याला हात लावला असता. पुढे मोटरहेड या बँडमध्ये हीच त्याची शैली ठरली. इम्प्रोव्हायझेशनचा पहिला धडा या प्रसंगात पुरा आहे. सूर एकच असला तरी चालतो, तो कधी मारायचा आणि कधी नाही याचे पर्याय भरपूर असतात. न आलेल्या बेसवाल्यासाठीचा धडा वेगळा: कार्यक्रमाला जायचं नसेल तर वाद्य तरी घरी न्यावं.

रॉकमधल्या बेस सोलोचा विषय निघाला की १९६५ च्या 'माय जनरेशन' या गाण्याचं नाव येतंच. रेकॉर्डवरचा तो आवाज ऐकून कित्येकांनी बेस घेतला. गंमत अशी की तो आवाज बेसवादक जॉन एंटविसलला हवा होता तो नव्हेच. त्याला पियानोसारखा खणखणीत स्वर हवा होता, म्हणून त्याने बारीक तारांचा डॅनेलेक्ट्रो बेस आणला. सोलोच्या माऱ्यात तार तुटली. लंडनच्या दुकानांत त्या बेसच्या सुट्या तारा मिळेनात. मग काय, एका तारेसाठी अख्खा दुसरा बेस घेतला. त्याचीही तार तुटली. असे तीन झाले. शेवटी कंटाळून त्याने फेंडर जॅझ बेस उचलला, सोलो थोडा सोपा केला आणि टेक दिला. जग ज्या आवाजामागे वेडं झालं, तो तडजोडीचा होता.

पण नवशिक्याने त्या सोलोतून घेण्यासारखी गोष्ट तारांची नाही, मांडणीची आहे. गिटार एक फटका मारते, बेस उत्तर देतो. परत फटका, परत उत्तर. तमाशाचा फड पाहिलेल्याला सवाल-जवाब शिकवावा लागत नाही. असल्या सोलोंचा कच्चा माल बहुधा पाच सुरांचा असतो. पाश्चात्त्य मंडळी त्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात, आपल्याकडे तेच सूर धानी रागात बसलेले आहेत: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. बेसवर तर हे फारच स्वस्तात मिळतं. जाड तारेवर कुठल्याही फ्रेटवर सा धरा, तीन फ्रेट पुढे कोमल ग. शेजारच्या तारेवर सा च्याच फ्रेटसमोर म, दोन फ्रेट पुढे प. तिसऱ्या तारेवर पुन्हा त्याच फ्रेटसमोर कोमल नि, आणि दोन पुढे वरचा सा. बोटांचा हा साचा उचलून गळ्यावर कुठेही सरकवा, सूर तेच राहतात, फक्त पट्टी बदलते. कारण बेसच्या चारही तारा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर लावलेल्या असतात. सहा तारांच्या गिटारवर एका जागी हे अंतर मोडतं. गिटारवाले हे कबूल करत नाहीत, तो भाग वेगळा.

सरकवायच्या या साच्याची खरी किंमत मराठी ऑर्केस्ट्राच्या विंगेत कळते. आमच्याकडे जी-शार्प वगैरे कुणी म्हणत नाही, पट्टी पेटीवरून मोजतात: पांढरी पाच, काळी चार. त्या हिशेबात बेसच्या मोकळ्या तारा जाडीपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आता प्रसंग असा. गायिकेचा घसा बसलेला. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना निरोप येतो, "ताईंचं गाणं आज काळी चारऐवजी पांढरी चारमध्ये." की-बोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबून मोकळा होतो. गिटारवाला खिशात कॅपो चाचपडतो आणि मग त्याला आठवतं की कॅपोने पट्टी वर जाते, खाली नाही. बेसवाला डावा हात तीन फ्रेट मागे घेतो आणि चहा मागवतो.

खरी धमाल त्याच्या पुढच्या गाण्यात. की-बोर्डवाला ट्रान्सपोज पूर्ववत करायला विसरतो. इन्ट्रो सुरू होतो तो तीन अर्धस्वर खाली, ब्रास सेक्शन कागदाप्रमाणे वर, आणि मधल्या खड्ड्यात गायक. अशा वेळी कागदवाले कागदाकडे बघतात. पहिल्या ओळीत कुणाकडेच न बघता सरकतो तो बेसवाला, कारण त्याच्यापुढे कागद नसतोच. बेस ज्या सुरावर बसतो तो सगळ्यांना घर वाटतो, त्यामुळे दोन मात्रांत बाकीची वरातही त्याच्यामागे येते. कार्यक्रमानंतर आयोजक विंगेत येऊन पाठ थोपटतात ती की-बोर्डवाल्याची. "वेगळाच इन्ट्रो घेतलात, छान वाटलं!"

की-बोर्डवाला आणि बेसवाला यांचं वैर तसं जुनं आहे. की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताला बेस वाजवता येतो, आणि एका हाताचं पाकीट वेगळं द्यावं लागत नाही. त्यामुळे बजेट आवळलं की पहिली गच्छंती बेसवाल्याची. ठेवलाच तर आयोजक तारा मोजतात: "गिटारवाल्याला सहा तारांचे पैसे देतो, तुमच्या तर चारच!" तोच बेस एखाद्या गाण्यात अचानक बंद पडला की पहिल्या रांगेतले प्रेक्षक साऊंडवाल्याकडे वळून बघतात. काय गेलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी गेलं हे कळतं. बेसवाल्याच्या वाट्याला येणारी दाद एवढीच, आणि तीही तो वाजवत नसताना.

आता पुन्हा कागदाच्या गोष्टीकडे: डेट्रॉइटची मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी. तिथला बेसवाला जेम्स जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. त्या बोटाला 'हुक' असं नाव पडलं होतं. तारा शक्यतो बदलायचाच नाही. मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'चा किस्सा तुम्ही ऐकलाच असेल. गेने त्याला एका बारमधून शोधून आणलं, बसण्याइतकीही शुद्ध त्याला नव्हती, म्हणून त्याने स्टुडिओच्या फरशीवर उताणं पडून बेस वाजवला. गोष्ट इथे थांबवली की ती अंगभूत प्रतिभेची होते. पडद्यामागची मंडळी मात्र पुढचं वाक्य सांगतात. अरेंजर डेव्हिड व्हॅन डी पिट यांनी त्या गाण्याचा बेस लिहून आणला होता, आणि जेमरसनने तो झोपल्या झोपल्या वाचला! शाळेत डबल बेस शिकलेला माणूस होता तो. शुद्ध नसतानाही कागद सुटला नाही. 

कागदाशी उघड भांडण मांडलं ते जॅझ बेसवादक चार्ल्स मिंगसने. पन्नासच्या दशकात त्याने आपल्या वादकांना लिहिलेले भाग देणं बंद केलं. पियानोवर बसून तो चाल वाजवायचा, गाऊन दाखवायचा आणि त्यांनी ती कानाने उचलावी अशी त्याची अपेक्षा असे. कागदावरून वाचलं की वादक फक्त वाचतो, हे त्याचं म्हणणं. वादक वैतागायचे, पण १९५९ चा 'मिंगस आ उम' हा अल्बम अशाच पद्धतीतून उभा राहिला. आपल्या गुरू-शिष्य परंपरेला यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. हा कागदद्रोही स्वतः न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधल्या एका माजी वादकाकडे पाच वर्षं डबल बेस शिकला होता.

तरी मिंगसची युक्ती नवशिक्याला सर्वांत जास्त उपयोगाची आहे: आधी गा, मग वाजव. न गाता वाजवलेल्या सोलोत बोटं त्यांच्या सवयीच्या वाटेनेच जातात, वर-खाली, वर-खाली, आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे वाक्यं आपोआप तुटतात आणि ऐकणाऱ्याला ती वाक्यं वाटतात. आवाज कसा का असेना. विंगेत उभं राहून पाहिलं तर सोलो घेणाऱ्या बऱ्याच बेसवाल्यांचे ओठ हलताना दिसतात. प्रेक्षकांना ती तल्लीनता वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःला डिक्टेशन देत असतात.

जॅको पास्टोरियसबद्दल मात्र सर्वांची खात्री असते की हा तर नक्की वरूनच शिकून आला होता. लहानपणी ड्रम वाजवायचा, फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं म्हणून बेसकडे वळला. बेसचे फ्रेट काढून टाकले. त्यामुळे सूर शोधायची जबाबदारी पूर्णपणे कानावर आली. मायामीत की-बोर्डवादक जो झाविनुलला गाठून त्याने स्वतःची ओळख करून दिली ती 'जगातला सर्वश्रेष्ठ बेसवादक' अशी. झाविनुलने त्याला वाटेला लावलं. मग टेप ऐकली आणि विचारलं, की तू इलेक्ट्रिक बेसही वाजवतोस का? फ्रेट नसलेल्या त्या आवाजाला तो डबल बेस समजला होता. ही झाली जाहीर गोष्ट. याच्या आधीची फारशी कुणी सांगत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेन कॉक्रनच्या बँडमध्ये जॅको गेला तेव्हा त्याला नोटेशन येत नव्हतं, आणि सतत फिरतीवर असलेल्या त्या बँडमध्येच तो ते शिकला. पुढे याच माणसाने स्वतःचा बिग बँड चालवला, आणि बिग बँडला कागद लागतो.

मुंबईच्या सिने-संगीतातही 'कागदवाले' आणि 'कानवाले' असे दोन तट असल्याचं नेहमी सांगितलं जातं. कागदवाले म्हणजे गोवेकर वादक. चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, शिकलेले, समोर ठेवलं की वाचून मोकळे. कानवाले म्हणजे पेटीवर चाल बांधणारे आपले संगीतकार. या दोघांमध्ये अरेंजर नावाचा दुभाषी. पण हे तट तपासायला गेलं की ढासळतात. हेच गोवेकर रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवत होते, तिथे कागद बाजूला ठेवून सोलो घ्यावा लागे, आणि सकाळी स्टुडिओत येऊन निमूटपणे लिहिलेलं वाचत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला हाताशी धरलं ते याच दुहेरी गुणासाठी असावं. १९५१ च्या 'अलबेला'तली नाचाची गाणी आजही वाजतात. कागद आणि कान यांचं भांडण जे हौसेने लावतात, त्यांच्याकडे बहुधा दोन्ही नसतं.

मेटॅलिका या बँडचा किस्साही याच कागद-कानाच्या भांडणातला. १९८२ साली लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक एका बँडचा कार्यक्रम पाहत होते. एक जबरदस्त गिटार सोलो सुरू झाला. दोघे स्टेजवर गिटारवाल्याला शोधू लागले. तो सापडेना, कारण सोलो बेसवर चालला होता. तो क्लिफ बर्टन. आमच्यात ये म्हटल्यावर त्याने अट घातली की मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्हीच इकडे या. एका बेसवाल्यासाठी अख्खा बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहायला गेला! १९८३ च्या पहिल्या अल्बममध्ये त्याचा सोलो वेगळं गाणं म्हणून आहे. त्या वेड्या वाटणाऱ्या आवाजामागे थिअरीचा रीतसर अभ्यास आणि बाखची आवड होती. हेटफिल्ड हार्मनी शिकला ती बरीचशी त्याच्याकडून. आयोजकांनी याही बेसवाल्याच्या चारच तारा मोजल्या असत्या.

बेस सोलो अवघड का, याचं उत्तर पुस्तकांपेक्षा स्टेजवर लवकर मिळतं. गिटार सोलो घेते तेव्हा खाली बेस उभा असतो. बेस सोलो घेतो तेव्हा खाली कुणीच नसतं. एकदा बॅकिंग ट्रॅकचा लॅपटॉप ऐन गाण्यात अडकला. की-बोर्ड त्याच्याच भरवशावर, तोही हात वर करून बसलेला. ड्रमवाल्याने ठेका सोडला नाही, आणि बेसवाल्याने, सोलो या शब्दाला आयुष्यभर घाबरलेल्या माणसाने, सा आणि प एवढ्यावर एक घाट धरला. मग वरचा सा. मग चार मात्रा चक्क गप्प. मग पुन्हा खाली. लॅपटॉप परत सुरू होईपर्यंत प्रेक्षक टाळ्यांनी ठेका धरून होते. निवेदकाने प्रसंग ओळखून घोषणा केली, "खास आपल्यासाठी, बेस सोलो!" टाळ्या आणखी वाढल्या. बेसवाल्याने मात्र त्यानंतर एकही नवा सूर लावला नाही, कारण आता तो सोलो आहे हे त्याला कळलं होतं.

रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीबद्दल सांगितल्याशिवाय हे प्रकरण मिटत नाही. शाळेत ट्रंपेट वाजवायचा, मित्राच्या आग्रहाने बेस हातात घेतला आणि कानावर विसंबून जगभर नाव केलं. २००१ साली त्याने लॉस एंजेलिसमध्ये मुलांसाठी संगीत शाळा काढली. आणि २००८ साली, कोट्यवधी रेकॉर्ड विकून झाल्यावर, हे महाशय दप्तर उचलून विद्यापीठात थिअरी शिकायला गेले. शाळेचा संस्थापक वर्गात बसायला सात वर्षं मागे पडला होता, एवढंच.

तेव्हा नवा बेस घेतलेल्या वाचकाला विंगेतून एवढंच सांगणं. थिअरी येत नाही म्हणून थांबू नका, आणि येत नाही याचा मिरवणूक काढून अभिमानही बाळगू नका. फोनवर तानपुरा लावा, पांढरी तीनमध्ये. त्याने खालची मोकळी जागा भरून निघते. आधी एकाच सुरावर लय खेळवा. मग पाच सूर घ्या. प्रत्येक वाक्य आधी तोंडाने म्हणा, नंतर बोटाने. सूर चुकला तर दचकू नका, बरोबरचा सूर बहुधा एकाच फ्रेटच्या अंतरावर शेजारी असतो, तिकडे सरका आणि मुद्दामच केलं असा चेहरा ठेवा. आवडत्या गाण्यांचे बेस रेकॉर्डवरून कानाने उतरवा. हे वर्षभर नेमाने केलंत की थिअरीचं पुस्तक उघडा. त्यातली निम्मी पानं तुम्ही आधीच वाजवलेली असतील.